अलिफवाली इमारत

शनिवार, १९ जानेवारी १९९१. दुपारी साडेबारा. मलझ, रियाध. आमचा हॉल.

हजर: आम्ही करंदीकर दोघे आणि आमची अनघा, आमच्याच पहिल्या मजल्यावरचे खानविलकर दोघे आणि त्यांची दोन मुलं, तळमजल्यावरचे अँटनी, एकटेच, दुसऱ्या मजल्यावरच्या जुबैदाभाभी परकार. परकारभाई: हजर, पण बसलेले नाहीत.

ही नोंद माझ्या वहीत आजही आहे. शेवटचं वाक्य लिहिण्याचं कारण असं, की हजेरी घेताना मी मान वर केली की परकारभाई दर वेळी खोलीच्या वेगळ्या कोपऱ्यात दिसायचे. खिडकीशी, मग फ्रिजशी, मग दारात. इराकशी लढाई सुरू होऊन दोन दिवस झाले होते. रियाधवर अजून काही पडलं नव्हतं, पण पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आमची चारही बिऱ्हाडं रस्ते बांधणाऱ्या एकाच कंपनीची. आमचे हे खरेदी विभागात, खानविलकर साइटवर इंजिनिअर, वसईचे अँटनी गाड्या सांभाळायचे आणि परकारभाई ड्राफ्ट्समन. पाण्याचा टँकर कधी, सिलिंडर कुणाचा संपला, शाळेची बस किती वाजता, हे सगळं मी चार वर्षं वहीत लिहीत होते. त्यामुळे लढाईची वहीही माझ्याकडेच आली.

परकारभाई खेड तालुक्यातले, खाडीकाठचे. उंच, काटकुळे. शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटी होतं, निदान त्यांचा तसा दावा होता, आणि ते सगळं पावलांनी मोजायचे. कोपऱ्यावरचा बकाला, म्हणजे मल्याळी माणसाचं किराणा दुकान, आमच्या फाटकापासून दोनशे बारा पावलं. मशीद तीनशे चाळीस. जुबैदाभाभी म्हणायच्या, "ह्यांना कबरीत उतरवलं तरी आधी लांबी-रुंदी विचारतील."

आम्ही रियाधला नवीन आलो तेव्हा मी त्यांना सहज विचारलं होतं, "रियाध केवढं मोठं आहे हो?"

"कुठलं रियाध?"

"किती आहेत?"

"दोन तर नक्की," ते म्हणाले. "तिसऱ्याचा ऑफिसात वाद चाललाय."

मग त्यांनी माझ्या ओट्यावरची परात ओढली, मध्ये एक वाटी ठेवली. "ही परात. ह्याचं नाव रियाध. नि ही वाटी. हिचं पण नाव रियाध. वाटीत नगरपालिका. परातीत अमीरसाहेब, म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर समजा, फक्त लय मोठा. लोक वाटीत राहतात नि परात विसरतात."

"पण वाटी राजधानी आहे ना?"

"असूं दे की. राजधानी झाली म्हणून वाटी परातीच्या भायेर नाय पडत. तुमचं पुणं घ्या. मध्ये पुणे शहर, भवताली हवेली तालुका, नि सगळ्याला पोटात घेऊन परत पुणे जिल्हा. पत्रावर नुसतं पुणे लिहिता नि पोचतं, ते पोस्टमन शहाणा म्हणून."

अनघा तेव्हा सात वर्षांची. ती मान न वळवता म्हणाली, "अंकल, रियाध इज रियाध."

"हां, तुझ्यासारखीच माणसं चुकतात," परकारभाई म्हणाले आणि वाटी जागेवर ठेवून गेले.

ही त्यांची सनक नव्हती. तिच्या मागे एक खारेपाटणचे मामा होते. रत्नागिरी जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा परकारभाई इथे होते. मामाचं पत्र आलं, त्यावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'जि. सिंधुदुर्ग'. यांना वाटलं मामाने घर विकलं. सुट्टीवर गेल्यावर आईलाही भेटायच्या आधी हे खारेपाटणला. मामा ओटीवर त्याच खुर्चीत बसलेला. म्हणाला, "मी हललो नाय रे. खुर्चीतून सुद्धा नाय. जिल्हाच उठून गेला." ही गोष्ट परकारभाई हसत सांगायचे. तेव्हापासून कुणी कुठल्याही गावाचं नाव घेतलं की ते विचारायचे, तालुका कुठला, जिल्हा कुठला.

दुसरी गोष्ट अँटनींनी सांगितलेली. दोघं पिकअपमधून साइटवरून येत होते. शहराची हद्द सुरू झाल्याची पाटी दिसली आणि परकारभाईंनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून ते पाटीपासून मागे मागे पावलं मोजत गेले, कारण त्यांच्या नकाशात हद्द नाल्याच्या अलीकडे होती आणि पाटी नाल्याच्या पलीकडे. पोलिसांची गाडी आली. काय शोधतोस म्हणून विचारलं.

"हद्द," परकारभाई म्हणाले.

पोलीस म्हणाला, गाडीत बस. परकारभाई म्हणाले, बसतो, पण आधी सांगा, मला कुठल्या हद्दीत पकडताय? कागदावर ते लिहावं लागेल. पोलिसाने पाटीकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं आणि 'यल्ला, यल्ला' म्हणून हाकलून दिलं. अँटनी म्हणायचे, "मी स्टिअरिंग धरून येशूचं नाव घेत होतो, नि हा बाबा पोलिसाला भूगोल शिकवत होता."

एवढं करून हा माणूस हद्द मोडणारा नव्हता. उलट. आमच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, गावाबाहेर जायचं तर कफीलचं, म्हणजे आम्हाला आणणाऱ्या कंपनीचं पत्र लागायचं. बाकीचे शंभर-दीडशे किलोमीटर तसेच जाऊन यायचे. परकारभाई पत्राशिवाय कधी गेले नाहीत. ज्याला रेषा ठाऊक आहे त्याने ती पाळली पाहिजे, असं त्यांचं मत. बाकीच्यांना माफी होती, कारण त्यांना रेषा ठाऊकच नव्हती.

तर त्या शनिवारची सभा. विषय एक: बायका-मुलांना शहराबाहेर कुठे हलवायचं. सूचना परकारभाईंची. दवादमीला, तीनशेच्या वर किलोमीटर पश्चिमेला, कंपनीचा रस्त्याच्या कामाचा कॅम्प होता. काम थांबल्यामुळे खोल्या रिकाम्या. पाणी होतं, जनरेटर होता. "तिथे पाडायला काय नाय," ते म्हणाले. "रॉकेल लागतं त्याला पण, मोठ्या रॉकेटाला. फुकट नाय घालवणार दवादमीवर."

ते हे सगळ्यांसाठी सांगत होते, पण खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं की बोलणं जुबैदाभाभींसाठी चाललंय. भाभींना दमा होता. विषारी वायूच्या भीतीने आम्ही प्रत्येकाने एक खोली टेप लावून बंद केली होती. भोंगा झाला की आत जायचं, दाराखाली ओला टॉवेल लावायचा आणि दुसरा भोंगा होईपर्यंत तिथेच थांबायचं. तालीम म्हणून आदल्या दिवशी आम्ही अर्धा तास बसलो होतो. भाभी अकराव्या मिनिटाला टेप फाडून बाहेर आल्या होत्या. ओठ निळे पडले होते.

ठरलं. कंपनीकडे पत्र मागायचं. फोन मी करायचा, कारण घरी मी असे आणि ऑफिस त्या आठवड्यात बंद होतं. उघडं होतं फक्त सुलैचं यार्ड, तिथे गोदाम, गाड्या, एक फोन आणि एक हैदराबादी टायपिस्ट.

रविवारी रियाधवर पहिलं स्कड क्षेपणास्त्र आलं. सोमवारी सकाळी टायपिस्टचा फोन आला. लाइनवर खरखर होती, पलीकडे कुणीतरी ओरडत होतं. तो घाईत होता. "मॅडम, लेटर हो गया. फॅमिली लोगां को हुदूद इमारत अर-रियाध के अंदर रहना है. उसके बाहर नक्को. समझे ना? खलास."

समजले. मी वहीत लिहिलं: 'कंपनीचं उत्तर आलं. बायका-मुलांनी इमारतीच्या हद्दीतच राहायचं. बाहेर परवानगी नाही.' तारीख, वेळ. खाली रेघ. मग तेच मोठ्या अक्षरांत लिहून फाटकाला चिकटवलं.

खानविलकर भडकले. अँटनींनी कंपनीच्या मालकाचा उद्धार केला. परकारभाईंनी फाटकावरचा कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "वहिनी, इमारतीची हद्द म्हणजे भिंत, की फाटक?"

मला टँकरवाल्याला फोन करायचा होता. मी म्हणाले, "फाटक धरा."

त्यांनी मान हलवली. दारापासून फाटकापर्यंतचं अंगण पावलांनी मोजलं. सहा पावलं, पंधरा फूट. मग वरून भाभींची प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि फाटकाच्या आत अशी ठेवली, की पुढचे दोन पाय बरोबर उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीला टेकतील. सकाळी नऊ ते अकरा, जेव्हा भोंग्याची शक्यता कमी, तेव्हा भाभींनी तिथे बसून मोकळी हवा घ्यायची. तेवढं हद्दीत बसत होतं.

पाच दिवस असे गेले. संध्याकाळ झाली की भोंगा, टेप, ओला टॉवेल. आमच्या बंद खोलीत छताकडून परकारभाईंची पावलं ऐकू यायची. एक, दोन, तीन, चार, वळण. त्यांची बंद खोली चार पावलांची होती. मधूनमधून पावलं थांबायची आणि त्या थांबण्यात भाभींचा श्वास ऐकू यायचा, शिट्टीसारखा. दिवसा ते गच्चीवर असत. चौदा पावलं लांब, नऊ रुंद. चार दिवसांत त्यांनी इमारतीचा आराखडा काढला, जिना, टाक्या, पत्र्याची शेड, सगळं. कशासाठी, हे विचारलं तर म्हणाले, "हातातली पेन्सिल थांबली की डोकं चालतं, वहिनी. मग त्रास होतो."

बुधवारी भाभी फाटकाबाहेर गेल्या. लांब नाही, बकाल्याच्या दिशेने वीस-पंचवीस पावलं. तिकडून थोडा वारा येत होता. मी खिडकीतून पाहिलं आणि हाक मारली, "भाभी, हद्दीत या."

त्या वळल्या. म्हणाल्या, "ताई, दोन मिनिटं. इथे छाती जरा मोकळी होते."

मी म्हणाले, "कंपनीला कळलं तर सगळ्यांची पत्रं अडकतील."

परकारभाई जिन्यावरून उतरले. भाभींचा हात धरून त्यांना आत आणलं आणि खुर्चीत बसवलं. खुर्ची जराशी सरकली होती, ती पाहून पुन्हा पट्टीला लावली.

शनिवारी, २६ तारखेला, त्यांना ड्रॉइंगचे कागद आणायला सुलैला बोलावलं. जाताना म्हणाले, "तो नकाराचा कागद पण बघून येतो. हद्द कुणी ठरवली, सही कुणाची, ते तरी कळू दे."

ते दीडच्या सुमारास परतले. मी ओट्याशी होते. त्यांनी दारातूनच कागदाची प्रत पुढे केली. अरबी टाइप, कंपनीची मोहर. मला अरबी येत नव्हतं. परकारभाई लहानपणापासून कुराण वाचलेले आणि अकरा वर्षं अरबी नकाशे काढलेले.

"वहिनी, टायपिस्ट काय म्हणाला होता? शब्द आठवतोय?"

"हुदूद इमारत अर-रियाध. इमारतीच्या हद्दीत."

"हां." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि कागदावरच्या एका शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली टोक ठेवलं. "राहायची इमारत ऐनने लिहितात. हे ऐन नाय. हे अलिफ आहे. अलिफवाली इमारत म्हणजे अमीराचा मुलूख. परात."

मला कळायला वेळ लागला. गॅसवर भात होता, तो लागल्याचा वास आला तेव्हा कळलं.

"म्हणजे दवादमी?"

"दवादमी परातीत आहे. त्याच्या पुढे अफीफ, ते पण परातीत. कंपनीने नाय म्हटलंच नव्हतं. तुमची इमारत चारशे-पाचशे किलोमीटर लांब आहे, वहिनी." त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "गाडी सोमवारपासून यार्डात तयार आहे. टायपिस्ट मलाच विचारत होता, फॅमिलीवाल्यांचं मन बदललं काय म्हणून."

पाच दिवस. मी गॅस बंद केला. मी म्हणाले, "भाभींना मी काय तोंडाने सांगू?"

"मी सांगतो," परकारभाई म्हणाले. "कागद आज मिळाला, एवढंच सांगतो. खोटं नाय त्यात. मला आजच मिळाला."

मग जाताना दारात वळून म्हणाले, "ऐन घशातून काढायचं असतं. आपल्या लोकांचा घसा त्याला वळत नाय. तुम्ही एकट्या नाय चुकलात."

रविवारी सकाळी सहाला निघालो. मी आणि अनघा, खानविलकरवहिनी आणि मुलं, परकार दोघं, गाडी चालवायला अँटनी. बाकीच्या पुरुषांना कंपनीने सोडलं नव्हतं. परकारभाईंनी मांडीवर एक कागद धरला होता, शनिवारी संध्याकाळभर बसून काढलेला. मध्ये शहर, बोटाच्या पेराएवढं, आणि भोवती सगळ्या कागदभर पसरलेली अमीराच्या मुलुखाची रेघ. मी पहिल्यांदाच ती परात डोळ्यांनी बघत होते. आपण कुठे राहतो हे मला चार वर्षं माहीत होतं असं मी समजत होते.

दीडशे किलोमीटरवर नाका लागला. शिपाई मध्यमवयीन होता. पत्र वाचलं, आत डोकावला, कुठे म्हणून विचारलं. अँटनी म्हणाले, दवादमी. शिपाई म्हणाला, पत्रात रियाध लिहिलंय.

परकारभाई उतरले. त्यांनी नकाशा बॉनेटवर पसरला आणि वारा सुटला होता म्हणून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. आम्हाला फक्त त्यांचं बोट दिसत होतं. आधी वाटीवर, मग परातीच्या कडेने हळूहळू फिरत. भाभी माझ्या शेजारी दम्याचा पंप हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी तो तोंडाला लावला नव्हता, पण झाकण काढून ठेवलं होतं. कागद नाकारला गेला तर पुन्हा ती टेप लावलेली खोली होती.

शिपायाने दुसऱ्या शिपायाला बोलावलं. दोघांनी नकाशा पाहिला. मग पहिला हसायला लागला.

"काय म्हणतोय?" मी अँटनींना विचारलं.

"म्हणतोय, मी स्वतः दवादमीचा. आजवर मला कुणी रियाधवाला म्हटलं नव्हतं. सुट्टीत आईला सांगतो."

परकारभाई हसले नाहीत. त्यांनी शिपायाला काहीतरी विचारलं आणि नकाशावर एक बारीक खूण केली. गाडीत बसल्यावर सांगितलं, "त्याच्या नाक्याची हद्द कुठपर्यंत ते विचारून घेतलं. परत येताना लागेल."

दवादमीच्या कॅम्पात भाभींनी सगळ्यात आधी खिडक्या उघडल्या. रात्री थंडी कडाक्याची पडायची, पण त्यांनी एकही खिडकी लावू दिली नाही. तिसऱ्या दिवशी पंप उशीखाली गेला. पाचव्या दिवशी त्यांनी वाळूत चूल मांडून बांगड्याचं सुकं खारं भाजलं आणि वासाने बाकीच्यांचे दमे उठवले. परकारभाई मात्र तिथेही बसले नाहीत. सकाळी कॅम्पाच्या कुंपणाबाहेर निघायचे, दुपारी वाळूने भरलेले जोडे घेऊन परतायचे. भाभी विचारायच्या, "काय सापडलं?" ते म्हणायचे, "काय नाय. सगळं एकसारखं आहे. इथे रेघ मारायला पण काय नाय." हे सांगताना ते प्रथमच मला थोडे घाबरलेले वाटले.

मार्चमध्ये परत आलो. सगळं पुन्हा सुरू झालं. फाटकावरचा कागद उन्हाने पिवळा पडला होता. तो परकारभाईंनी काढला, की अँटनींनी, मला माहीत नाही; मी पाहिलं तेव्हा तिथे नव्हता.

पुढच्या वर्षी परकारांनी कायमचं गावी जायचं ठरवलं. आम्ही विमानतळावर सोडायला गेलो. दोरीने बांधलेली दोन खोकी, त्यावर पूर्ण पत्ता: गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. भाभी पुढे बायकांच्या रांगेत होत्या. पासपोर्टच्या खिडकीकडे वळण्याआधी परकारभाई माझ्याजवळ आले.

"वहिनी, जुबैदाला मी अजून सांगितलेलं नाय. तिला वाटतं कागद उशिरा आला. ते काम तुमचं. सवडीने करा. ती रागावणार नाय, पण तुमच्या तोंडून ऐकू दे."

मी म्हणाले, "करते."

"लिहून ठेवा म्हणजे राहणार नाय."

मग ते रांगेत लागले. जमिनीवर पिवळा पट्टा होता, त्याच्या मागे थांबायचं. पुढचे लोक पट्ट्यावर उभे होते, कुणी पलीकडे. परकारभाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी खाली पाहिलं आणि जोड्यांची टोकं पट्ट्याच्या कडेला नीट लावली. खिडकीतला माणूस हाताने 'या, या' करत होता. त्यांनी खिशातल्या पेन्सिली चाचपल्या आणि ते पलीकडे गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. ते वारले, त्यालाही आता बारा वर्षं झाली.

जुबैदाभाभी खेडला मुलीकडे असतात. दर ईदला त्यांचा फोन येतो. दमा आहे, पण औषधं चांगली निघालीत म्हणतात. आणि दर वेळी, फोन ठेवायच्या आधी, म्हणतात, "ताई, तेव्हा तुम्ही कंपनीच्या मागे लागून तो कागद मिळवलात, म्हणून मी आहे हो. ह्यांना नसतं जमलं."

माझ्या वहीत ओळ आहे: 'जुबैदाभाभींना सांगणे.' विमानतळावरून आल्यावर त्याच संध्याकाळी लिहिली. वही भरली की उरलेली कामं नव्या वहीत उतरवायची माझी पद्धत आहे. गेल्या ईदला भाभींनी तेच पुन्हा म्हटलं. मी विचारलं, नातीची परीक्षा कशी झाली. ही वही पुढच्या आठवड्यात संपेल.